रांगोळीवर पाय कोण देणार?

बागेतल्या चौकाच्या फरशीचं श्रेय माझं नाही, घोटाळा तेवढा माझा. मी आर्किटेक्ट; छप्पर, भिंती, पाण्याचा उतार एवढ्यात माझी अक्कल संपते. काचेखालचे दिवे, वरून पावलं टिपणारे कॅमेरे, पावलागणिक बदलणारं चित्र हे सगळं माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईंचं डोकं.

त्यांनी पाण्याच्या लाटा योजल्या होत्या. मी म्हणालो, "सोलापुरात कुठल्या आल्या लाटा? आपल्या मातीतलं काहीतरी पाहिजे की. चौकभर रांगोळी काढा!"

"सर, लोक त्यावर चालतील?"

"न चालायला काय झालं?" मी वयाचा मोठेपणा वापरला.

उद्घाटनाच्या संध्याकाळी रांगोळी उजळली. काय देखणी! लोक आले, थबकले आणि भिंतीला पाठ घासत कडेकडेनं निघून गेले. एका मावशींनी चपला काढल्या तेव्हा मला हायसं वाटलं. पण त्यांनी लांबूनच हात जोडले आणि चपला परत घातल्या.

"मावशी, पाय ठेवा की त्यावर," मी गयावया केली.

"का ओ? दारातली रांगोळी तुडवता व्हय तुमी?"

कामाला मंजुरी देणारे महापालिकेचे साहेब मागंच उभे होते. "उद्याही कुणी पाय ठेवला नाही, तर हे काढून सिमेंटचे ब्लॉक बसवू. फरशी चालायला असते."

बाईंचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि ती माझ्या हौसेपायी उखडली जाणार. "थांबा, मीच चालून दाखवतो," म्हणत मी पाय उचलला. तो खाली येईचना! बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. लोक फिदीफिदी हसायला लागले.

बाई मात्र माझ्या पायाकडं टक लावून बघत होत्या. "सर, तसंच थांबा जरा." त्यांनी लॅपटॉप उघडला.

दुसऱ्या संध्याकाळी रांगोळी तीच होती. कालच्या मावशी परत आल्या, या खेपेला सुनेला घेऊन. बाईंनी त्यांचा हात धरला. "मावशी, तुम्ही नुसतं पाऊल उचला."

मावशींनी भीतभीत पाऊल पुढं केलं. ते टेकायच्या आतच रेषा अलगद बाजूला सरकल्या, पावलापुरती जागा मोकळी झाली आणि मागं त्या पुन्हा जुळल्या. मावशी थेट पलीकडं पोचल्या, वळल्या आणि सुनेला ओरडल्या, "ये गं! वाट देती ही!"

मग काय, चौक भरला. आणि आपली माणसं ती आपलीच: पाय पडत नाही म्हटल्यावर जो तो रेष पकडायला उड्या मारू लागला. साहेबसुद्धा विजार सावरत रांगोळीतल्या एका वेलीमागं धावले.

"हुकली की ओ साहेब!" मावशी टाळ्या पिटत होत्या.

साहेब धापा टाकत बाईंजवळ आले. "ब्लॉकचं राहू द्या," एवढंच म्हणाले आणि पुन्हा धावत सुटले.