न विकलेली मोटर

पाहुणा घरात आला की आमचे मामा आधी त्याची नजर कुठे जाते ते बघायचे; पाणी त्यानंतर. नजर मेंढवाड्याकडे वळली की संपलंच. त्या पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडत नसत, पण एकट्याला परसाकडेही जाऊ देत नसत.

मेंढवाड्यात आता मेंढ्या उरल्या नव्हत्या. उन्हाळ्यात तिथे मामांच्या होडीची मोटर असायची. भीमेच्या अलीकडे आमचा दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दुधाचे कॅन, मास्तर, बाजारकरी, सगळ्यांना मामाच नदीपार न्यायचे. पलीकडच्या काठावरून हाक आली की हे निघाले. पाणी आटून चिखल उघडा पडला की मोटर घरी यायची.

मग सोहळा. पिंपातल्या स्वच्छ पाण्यात ती चालवून आतला गाळ धुवायचा, पेट्रोलची नळी काढून ती आपोआप बंद पडू द्यायची, प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडायचे. मग लाकडी घोडीवर उभीच अडकवायची, आडवी कधीच नाही, आणि वर घोंगडं. "मेंढरू आन् मोटर, दोन्हीला ओल लागली की गेलं," म्हणायचे. पाणी कापणारा तिचा पंखा मात्र मामीच्या ट्रंकेत, लुगड्यांखाली. मामी म्हणायची, "माझ्या अंगावरचं सोनं बी एवढं जपलं न्हाई तुमी."

एवढ्यानेही त्यांचं मन भरत नसे. नदीत वाळूवाल्यांच्या बोटी वाढल्या होत्या, इंजिनं चोरीला गेल्याचं कानावर यायचं. शिवाय मामांच्या मते चोर लांबून येत नाही, आपल्याच ओट्यावर चहा पिऊन जातो. म्हणून एका उन्हाळ्यात कोणी मोटरीचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "इकली." मी सख्खी भाची, मलाही तेच सांगितलं. घरभर पेट्रोलचा वास येत होता.

पलीकडचे आप्पा मामांचे लहानपणचे सोबती, दोघांनी मेंढरं एकत्र राखलेली. त्याच उन्हाळ्यात त्यांनीही विचारलं. मामा जरा घुटमळले आणि म्हणाले, "इकली, आप्पा. परवडंना." आप्पांनी खरं मानलं.

पावसाळ्यात नदी भरली. पहिला लोंढा ओसरला, पाणी संथ झालं, तरी काठावर वाळूवाले उतरलेत म्हणून मामा मोटर काढेनात. त्याच दिवसांत आप्पांच्या छातीत कळ आली. नदी ओलांडली की दौंडचा दवाखाना जवळ; पण घरच्यांनी जीप केली आणि लांबच्या पुलाचा वळसा घेतला. आप्पा वाटेतच गेले.

मामा भेटायला गेले तेव्हा मी सोबत होते. आप्पांची बायको पदर सावरत म्हणाली, "तुमची मोटर असती तर काठावरनं हाक मारली असती, भावजी." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता.  मामा न बोलता उठले असते तरी चाललं असतं. पण म्हणाले, "हुती, वहिनी."

 ती उठून आत गेली.

पुढच्या उन्हाळ्यापासून मोटर ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभी असायची. मामांचा संशय काही गेला नाही. मोटरीला खेटून खाट टाकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांकडे बघायचे. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही यायची. पण आता कोणी विचारलं तर सांगायचे, "हाय. चालू हाय. कवा बी हाक मारा."

लोक हाका मारायचे. मामा असेपर्यंत आप्पांच्या घरून मात्र कधी हाक आली नाही.