अस्वलाच्या पित्ताची पुडी

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझ्या पोटातलं माझ्याआधी कळतं.

अख्ख्या अकोल्यात माझ्यासारखा गप्पा हाणणारा नव्हता. मी तोंड उघडलं की कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगासुद्धा वाजायचा थांबायचा! असा माणूस सहा महिने खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडला होता — हे गावाला कसं सांगायचं? एकोणीसशे साठ साल नुकतंच उलटलं होतं. गुपचूप अमरावती गाठली. तिथल्या डॉक्टरनं उदासीवरच्या नव्या गोळ्या दिल्या. आधी विचारलं — काचबिंदू आहे का? डोळे ठणकतात, दिव्याभोवती कडं दिसतं? असला तर या गोळीनं डोळा जाऊ शकतो. म्हटलं, साहेब, माझी नजर घारीची! मग बजावलं : फरक पडायला तीन आठवडे लागतील, दारू नको, मनानं बंद करू नका, दुसऱ्या कोणाला देऊ नका. सारं पाळलं. बरा झालो.

आणि गावात काय सांगितलं? मेळघाटात अस्वलाशी झुंजलो, त्याचं पित्त प्यालो, म्हणून उठलो. काय रंगली होती ती गोष्ट! अजून आठवली की छाती फुगते — खोटं कशाला बोलू?

पण किसननं ती खरी मानली. किसन जुन्या शहरात कपडे शिवायचा. माझा लहानपणचा जोडीदार. बायको गेल्यापासून हातात कात्री घेऊन नुसता बसून राही. एक दिवस म्हणाला, "अबे, ते पित्त मलेबी दे ना. मले जगूच वाटून नाही राह्यलं."

अमरावतीचं नाव घ्यायला माझं काय जात होतं? माझं अस्वल जात होतं! उरलेल्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, हळद मिसळली, पुड्या बांधल्या. "रोज एक घे," म्हटलं, "अन् इचारू नको काई." मी तरी त्याला काचबिंदूचं विचारलं? विचारायची गरजच नव्हती. आपले डोळे ठणकतात, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, हे त्यानं मला कितीदा सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी उजवा डोळा लालभडक. ओकाऱ्या. मीच टांग्यातून दवाखान्यात नेलं. औषध कोणतं चालू आहे, डॉक्टरनं विचारलं. किसन माझा हात धरून म्हणाला, "याले इचारा, डाक्टरसाहेब. अस्वलाशी लढेल माणूस हाये हा."

कंपाउंडर, नर्स, बाकावरचे रोगी — सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी — मी ती गोष्ट सांगितली. पूर्ण. रंगवून. बाक हसला. डॉक्टर हसला नाही, त्यानं पुन्हा विचारलं, "नेमकं काय दिलं? खरं सांगा."

मी पुन्हा अस्वलच सांगितलं.

किसन आणखी दोन दिवस पुड्या घेत राहिला. मला माहीत होतं.

उजवा डोळा गेला. सुईत दोरा आता त्याची लेक ओवून देते. डोळा नशिबानं नेला, असं तो म्हणतो. मी हो म्हणतो.