बाबांचा घास आणि बंद फाटक

राष्ट्रीय उद्यानाचं फाटक बंद दिसलं की तुम्हाला राग येतो का? मला आला होता.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पितृपक्षात आमच्या नोएडातल्या सोळाव्या मजल्यावर कबुतरं आली, कावळा मात्र फिरकला नाही. बाबांच्या घासाला कावळा शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हती. दुपारी तिने पान डब्यात भरलं. "चल, त्यांच्या उद्यानात जाऊ."

गुडगावपलीकडच्या त्या पाणथळ उद्यानाच्या फाटकाबाहेर बाबा हिवाळ्यात दर रविवारी पत्रकं वाटायचे. पहिलीच ओळ, 'पक्ष्यांना खायला घालू नका.' मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. तरीही डबा गाडीत मीच ठेवला.

फाटकाला कुलूप होतं. चौकीदार म्हणाला, "माताजी, अभी अंडे-चूजों का टाइम है. सर्दियों में आना."

"भैया, पाँच मिनट! सरकारी जगह है, हमारी भी है," मी तापलेच.

"आपकी है, तभी तो सँभाल रहे हैं. खाना देखकर कौवे आएँगे."

"कौवे ही तो चाहिए!" आई म्हणाली.

"फिर वही घोंसलों में घुसेंगे, माताजी."

आईने आत पाहिलं. फाटकापलीकडे बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची घरटी दाटली होती. पिल्लांचा कलकलाट रस्त्यापर्यंत येत होता. मी अजून वाद घालतच होते, तेवढ्यात तिने माझा दंड धरला.

"अगं, पुरे. त्या पिल्लांवर कावळे बोलावून तुझे बाबा जेवले असते का?"

मला बाबांचं प्रत्येक पत्रक पाठ होतं, आणि ते समजलं होतं तिला. चहूबाजूंनी टॉवर चाल करून येत आहेत. हा एवढाच तुकडा आपल्या सोयीने उघडत नाही, म्हणून इथे पिल्लं उडण्याएवढी मोठी होतात. उद्यान असतं ते यासाठी. आपली सहल ही त्यातली सवलत आहे.

आईने रस्त्याकडेचं गवत उपटलं, पिळून त्याची चोच केली, दोन पंख केले. कावळा नाहीच आला तर दर्भाचा करतात, तसा. गाडीत बसून तो पानाला टेकवला. "अहो, जेवा आता. तुमच्याच नियमाने झालं सगळं, बिल्कुल!" म्हणाली, आणि रडता रडता हसली. पान आम्ही परत घरी आणलं. मग ती जेवली.

तुम्हालाही असं बंद फाटक लागलं, तर चौकीदाराशी भांडू नका, गाडी वळवा. आणि हिवाळ्यात आत जाल, तेव्हा खाण्याचा डबा गाडीतच ठेवा.