आधी तुम्ही प्या

चंडीगडला आमच्या शेजारी एक निवृत्त सरदारजी राहत. प्रत्येक वाक्य ‘ऐसा है जी’ने सुरू करायचे आणि दुसऱ्याने चहा घेतल्याशिवाय स्वतः कप उचलायचे नाहीत. एका संध्याकाळी संचारबंदी दोन तास उठली, तेव्हा त्यांनी वीस वर्षं जपलेली फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाईन काढली.

पलीकडचे मेजरसाहेब वास घेऊन म्हणाले, “मर गई, फेंक दो.”

समोरचे डॉक्टर म्हणाले, “नाही, आधी तासभर उघडी ठेवा, हवा लागली की चव सुधारेल.”

“ऐसा है जी, घंटेभर में फिर कर्फ्यू लगेगा. अभी पियो!” सरदारजींनी सगळ्यांचे ग्लास भरले आणि माझ्याकडे वळले. “ओ मराठे, तू सच बोलता है. बता!”

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, पण वाईन आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाला लावत होतो. घोट घेतला. आधी आंबट लागली, मग कोल्हापुरी चपलेच्या नव्या चामड्याचा वास आला, आणि मग जिभेवर काहीतरी गोड रेंगाळत राहिलं.

“सरदारजी, और दीजिए!” मी ओरडलोच.

मेजरसाहेबांनीही ग्लास उचलून घोट घेतला. तेव्हा कुठे सरदारजींनी आपला पहिला घोट घेतला.