जाधव आणि यादाफ

"मी कुठेही जात नाहीये, तरी शुक्रवारी माझी वीज बंद का होतेय?"

फोनवरच्या बाई अस्खलित इंग्रजीत बोलत होत्या. तरीही "तुझ्या भाषेत काहीतरी सांगतायत" म्हणून हेल्पडेस्कने तो फोन मला जोडला होता. मी नेदरलँड्समध्ये, आर्नहेममधल्या एका वीजकंपनीत ग्राहकांचा डेटा सांभाळतो. भारतीय नावाचा कोणीही ग्राहक आला की तो माझ्या गळ्यात पडतो.

बाईंचं नाव स्नेहल जाधव. मी म्हटलं, "मीही जाधवच. मराठीत बोला, ताई." तशा त्या भडाभडा बोलल्या. तीन आठवड्यांचं बाळ, बाहेर पाणी गोठतंय, घर तापतं ते विजेवरच. आणि आमचा मेल आलाय: 'नव्या घरासाठी शुभेच्छा! जुन्या घराची वीज शुक्रवारी बंद होईल.'

मी सिस्टीम उघडली. घर सोडणारा होता त्यांचा शेजारी संजय यादव, लखनौला परतणारा. सिस्टीमच्या मते मात्र तो आणि स्नेहलताई ही एकच व्यक्ती.

हे कसं होतं ते सांगतो. एकाच ग्राहकाची दोनदा नोंद झाली असेल, तर ती शोधून जोडायला आमच्याकडे एक प्रोग्रॅम आहे. तो आधी नावाच्या उच्चाराचा कोड बनवतो. सारख्या ऐकू येणाऱ्या नावांना सारखा कोड. मग किती अक्षरं बदलली की एका नावाचं दुसरं होतं, ते मोजतो. दोनपर्यंत माफ. आमचा प्रोग्रॅम डच उच्चारांवर बेतलेला. डचमध्ये 'जे' म्हणजे य, आणि शेवटचा 'व्ही' म्हणजे फ. त्यामुळे जाधव झाले यादाफ, आणि यादवही यादाफ. स्पेलिंगमध्ये फरक दोनच अक्षरांचा: 'जे'च्या जागी 'वाय', आणि एक 'एच' कमी. दोन्ही पंचांनी बोट वर केलं. इमारत एक, आद्याक्षर 'एस', आणि घरक्रमांकापुढचे 'ए' आणि 'बी' कोणीतरी अनावश्यक म्हणून आधीच छाटलेले.

मी दोन्ही नोंदी हाताने वेगळ्या केल्या. दुसऱ्या दिवशी बघतो, तर प्रोग्रॅमने त्यांचं पुन्हा लग्न लावून दिलेलं. म्हणजे नियमच बदलायला हवा होता, आणि त्याला मॅनेजरची परवानगी लागते. मॅनेजर येरून. सकाळच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला.

"पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ," तो म्हणाला. स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांच्या कामांची मोट. पुढची सोमवारी सुरू होणार होती.

"वीज शुक्रवारी जातेय."

"मग ग्राहकाने हेल्पडेस्कला कळवावं."

"कळवलंय. हेल्पडेस्कने मला दिलंय."

"म्हणजे प्रोसेस नीट चाललीय!" त्याला मनापासून आनंद झाला.

माझं डोकं फिरलं. "अरे, ही दोन वेगळी माणसं आहेत."

"बघ यादाफ, मी तटस्थपणे ऐकतोय. यादाफ आणि यादाफ. फरक कुठाय?"

सहा वर्षं हा माणूस मला यादाफ म्हणतोय आणि मी निमूट ओ देतोय. त्या दिवशी दिली नाही.

"जेरोन," मी म्हणालो. ज अगदी ठासून.

"येरून," त्याने दुरुस्त केलं.

"स्पेलिंग तर 'जे'ने सुरू होतं, जेरोन."

"पण ते माझं नाव नाही!"

"आणि यादाफ हे त्या बाईंचं नाव नाही."

बाकीचे सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. येरून लाल झाला, पण परवानगी दिली. नवा नियम असा: नावाचं पहिलं अक्षर स्पेलिंगमध्येही जुळलं, तरच जोडायचं. काम अर्ध्या तासाचं होतं. त्याचं डॉक्युमेंट लिहिण्यात दिवस गेला.

शुक्रवारी मी स्नेहलताईंना फोन केला. मागे बाळाने भोकाड पसरलं होतं. मला फार बरं वाटलं.

"वीज आहे ना, ताई?"

"आहे, आहे. घर मस्त गरम आहे. पण तुमच्या कंपनीचा माफीचा मेल आलाय, 'प्रिय मिसेस यादव' म्हणून. तो प्रोग्रॅम नक्की सुधारलाय ना?"

मी तपासलं. प्रोग्रॅम बिनचूक चालत होता. मेल येरूनने स्वतःच्या हाताने टाइप केला होता.

प्रोग्रॅमचा नियम अर्ध्या तासात बदलता येतो. येरूनच्या कानांचं काम अजून कुठल्याच स्प्रिंटमध्ये बसलेलं नाही.