बुरुजामागचा खड्डा

धारूरच्या किल्ल्यात आमच्या शेळ्या चरतात. किल्ला आदिलशाहीत बांधला, निजामशाहीनं घेतला, मग मोगल आले, पुढं हैदराबादचा निजाम. मध्येच कुणीतरी गावाचं नाव फतेहाबाद करून टाकलं. शाळेत हे सगळं पाठ केलेलं. शेळ्यांमागं फिरताना त्याची कधी आठवणही व्हायची नाही.

त्या दिवशी वहिनी बुरुजामागं होती, मी तटाजवळ. धप्प असा आवाज झाला, शेळ्या उधळल्या. धावत गेलो तर वहिनी नव्हती. जमिनीला भगदाड पडलं होतं.

"भावजी, म्होरं येऊ नगा! कड ढासळतीया!" खालून आवाज आला.

दादाला फोन लावला. तो चारपाच जणांना घेऊन आला, दोर सोडून तिला वर काढलं. दादा लहान पोरासारखा रडत होता. वहिनीचा पाय सुजलेला, अंगभर चुन्याची धूळ.

"आत खोली हाय," ती धापा टाकत म्हणाली. "चुना लई गुळगुळीत. भिताडावर कुनाचा तरी पंजा उमटलाय. ओल्या चुन्यात हात टेकल्यावानी."

गावभर झालं. बघायला येणारा प्रत्येक जण खाटेपाशी वाकून हळूच विचारायचा, "हंडा-बिंडा दिसला का वो?"

"माजा पाय मोडलाय, आन तुमी हंडा इचारता?" वहिनी चिडायची.

काही दिवसांनी शेळ्या घेऊन तिकडं गेलो आणि जागच्या जागी बसलो. भगदाडाचा मोठा खड्डा झाला होता. भिंत पाडलेली, घडीव दगड इकडंतिकडं फेकलेले, चुन्याचा चुरा. पंजा शोधूनही सापडेना. एवढ्या राजवटी आल्या-गेल्या, लढाया झाल्या, तो हात तसाच राहिला होता. आणि आम्ही गावकऱ्यांनी त्याचा भुगा केला.

खड्ड्यात एक कुदळ पडली होती. दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती पट्टी मीच गुंडाळलेली. कुदळ आमच्या घरची होती.

घरी येऊन ती दादापुढं टाकली. "तू गेलतास?"

"समदेच गेलते," तो खाली बघत म्हणाला.

"घावलं काय?"

त्यानं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. आत मूठभर जळकं, काळं धान्य. बोट लावलं की राख होत होती.

वहिनी खाटेवरून बघत होती. ती म्हणाली, "मला वर काढलं तवा तुमी रडत हुता. मला वाटलं, माज्यासाठी रडताय."

"तुज्यासाठीच गं..." दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच कुऱ्हाड घेऊन गेला. मागाहून मी पोचलो तेव्हा बाभळीची काटेरी झुडपं तोडून खड्ड्यावर रचत होता, हात रक्ताळलेले. मीही फांद्या ओढायला लागलो.