त्रेचाळिसाव्या घरावरचा कागद

वासुदेव लांजेवार गेल्याची बातमी मला तुमसरच्या धान्यबाजारात कळली. सांगणारा आमचाच जुना विद्यार्थी, आता अडत्या झालेला. बातमी सांगून त्याने विचारले, “तेच ना जी, शेठजीच्या तक्त्यावर कागद चिपकवणारे सर?” मी हो म्हटले आणि घराकडे वळलो. नुसत्या त्या ‘हो’ने वासुदेवला पुन्हा एकदा एकटे पाडले, हे वाटेत लक्षात आले... तेव्हाच ठरवले, आता लिहायचे.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवत होतो. तो विज्ञान, मी गणित. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती म्हणून तिचा प्रभारही माझ्याकडे. संस्थेचे अध्यक्ष शेठजी, तांदळाच्या गिरणीचे मालक. त्यांनी वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला मूलद्रव्यांचा मोठा तक्ता दिला होता, खाली सोनेरी अक्षरांत वडिलांचे नाव घातलेला. दसऱ्याला पाटी-पुस्तकांबरोबर त्या तक्त्यालाही हळदकुंकू लागे, झेंडूचा हार चढे.

तक्ता जुन्या मालातला होता. त्रेचाळिसाव्या घरात ‘मासुरियम’ छापले होते. काही शास्त्रज्ञांनी ते खनिजात सापडल्याचे जाहीर केले होते, पण इतरांना ते कधी पटवता आले नाही. पुढे तो धातू यंत्रात घडवला गेला, आणि माणसाने घडवलेला म्हणून ग्रीक शब्दावरून नाव पडले टेक्नेशियम. रुपेरी करडा, किरणोत्सारी, सतत विरत जाणारा. पृथ्वीच्या जन्माच्या वेळी जो काही असेल तो केव्हाच संपला. युरेनियमच्या खनिजात कणभर नवा तयार होत राहतो, तेवढाच. हे सगळे मला वासुदेवनेच सांगितले. नाकाडोंगरीच्या खाणीकडची मुले त्याला विचारत, आमच्या डोंगरात मासुरियम निघेल का? तो मला म्हणाला, “पोट्टे डोंगर खोदतील अन् हाती काई लागणार नाही. बरोबर नावाचा कागद चिपकवू का त्याच्यावर?”

“चिपकव ना बे,” मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. खळ माझ्या घरची, तांदळाच्या पिठाची, मीच शिजवलेली. कागद त्याने लावला, कडा मी दाबल्या.

दसऱ्याला हार घालताना शेठजींचा हात थांबला. पूजेतल्या वस्तूला, आपल्या वडिलांच्या नावाच्या तक्त्याला हे ठिगळ कुणी लावले, असे त्यांनी शांतपणे विचारले. वासुदेवने माझ्याकडे पाहिले. मी हाराकडे पाहत राहिलो. मुख्याध्यापकपदाचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता. “मी लावला जी,” तो म्हणाला. काढायला सांगितले तर त्याने नकार दिला. “खोटं असतं तर काढलं असतं.” शिपायाने ओल्या फडक्याने घासून पाहिले, कागद हलला नाही. वासुदेवची बदली संस्थेच्या प्राथमिक शाळेत झाली आणि निवृत्त होईपर्यंत तो बेरीज-वजाबाकी शिकवत राहिला. मी मुख्याध्यापक झालो. शेठजींवरच्या रागातून त्याने तक्ता खराब केला, अशी गोष्ट गावभर पसरली... मी ती पसरू दिली.

शेवटचे भेटलो ते आंबागडला, त्याच्या अंगणात. मुंबईहून हाडांची तपासणी करून आला होता. दुखणे काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होते, तरी तो खुशीत होता. सुईतून अंगात काय सोडता, असे त्याने तिथे विचारले होते, आणि उत्तर आले होते टेक्नेशियम. “त्रेचाळीस नंबरवाला पाहुणा येऊन गेला ना बे अंगात. सहा तासात अर्धा होते. मुक्कामाले राहत नाही.” मला बोलायचे होते. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याने विचारले, तो कागद आहे का अजून. मी म्हटले, आहे.

“राहीलच तो. तुह्या घरची खळ मजबूत होती.”

म्हणजे त्याला सारे आठवत होते, आणि इतक्या वर्षांत त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. आता मी सांगतो. कागद आम्ही दोघांनी लावला, परवानगी माझी होती, आणि त्यावर लिहिलेले बरोबर होते. गेल्या आठवड्यात शेठजींच्या मुलाला, आताच्या अध्यक्षाला, भेटून हेच सांगितले. येत्या दसऱ्याला पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा सांगणार आहे, कुणी विचारायची वाट न पाहता. शाळेत जाऊन तक्ताही पाहून आलो. कागद पिवळा पडला आहे, पण वासुदेवचे अक्षर स्पष्ट वाचता येते. एक कोपरा तेवढा सुटला आहे. दसऱ्याला जाताना खळ घेऊन जाईन.